दम लागतो की दमा आहे? वजन वाढलेल्या लेकरांचे पहिले सहा महिने

"लेकराला दम लागतो." एवढं एकच वाक्य घेऊन घरची माणसं येतात, आणि पुढचं सगळं काम त्या वाक्याची फोड करण्याचं असतं. दम लागणं म्हणजे धाप लागणं. सवय नसेल तर तीन मजले चढल्यावर ती कुणालाही लागते. दमा हा आजार वेगळा. त्यात श्वासनलिका आतून सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना शिट्टी वाजते. वजन जास्त असलेल्या मुलात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, आणि एकीच्या औषधाने दुसरी हटत नाही. लातूर, नांदेड, बीड, परभणीकडच्या दहा ते अठरा वयाच्या मुलामुलींवर उपचार करताना सगळ्यात जास्त नुकसान इथंच झालेलं दिसतं. कुणाच्या धापेला दमा समजून पंपाची (इनहेलरची) ताकद वाढवत नेलेली असते, तर कुणाला खरा दमा असूनही "वजन कमी करा, आपोआप जाईल" म्हणून घरी पाठवलेलं असतं. पहिल्या भेटीपासून सहाव्या महिन्यापर्यंत आम्ही काय करतो, ते इथे लिहिलं आहे.

पहिल्या भेटीला येताना जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेले सगळे पंप, सिरप, पुड्या, अगदी रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत घालून आणायला सांगतो. आणखी एक गोष्ट मागतो: खोकला किंवा शिट्टी चालू असताना मोबाईलवर घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. दमा येतो आणि जातो. दवाखान्यात पोचेपर्यंत छाती साफ झालेली असते. रात्री दोन वाजताचा आवाज कानावर पडला की बरंच कळतं. तो आवाज शिट्टीचा नसून घोरण्याचा निघाला, तर तपासाची दिशाच बदलते.

मग प्रश्न. धाप नेमकी कधी लागते? दम्याची धाप बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटं पळल्यावर, किंवा पळणं थांबवल्यावर चढते. सोबत कोरडी ढास आणि छाती आवळल्यासारखं होणं असतं, आणि शांत व्हायला अर्धा ते एक तास जातो. वजनाची आणि सवय मोडल्याची धाप पळायला लागल्या लागल्या येते, थांबलं की चार-पाच मिनिटांत उतरते, खोकला नसतो. तिसरा प्रकारही विचारून घ्यावा लागतो: श्वास आत घेताना घशात आवाज, गळा दाबल्यासारखं वाटणं, परीक्षेच्या किंवा स्पर्धेच्या दिवसांत जास्त, आणि पंप घेऊन काडीचाही फरक नाही. हा स्वरयंत्राच्या पट्ट्यांचा त्रास असतो. किशोरवयीन मुलींत तो अधिक दिसतो. त्यावर श्वासाचे व्यायाम शिकवावे लागतात.

रात्रीबद्दल वेगळं विचारतो. पहाटे तीन-चारला खोकल्याने जाग येत असेल तर दम्याचा संशय बळावतो. घोरणं, मधेच श्वास अडकल्यासारखं होऊन दचकणं, सकाळी डोकं दुखणं, वर्गात डुलक्या, हे झोपेतल्या श्वासरोधाकडे बोट दाखवतं. जेवून लगेच आडवं झाल्यावर आंबट पाणी वर येत असेल तर खोकला पित्ताचाही असू शकतो. वजन जास्त असलेल्या मुलांत हे दोन्ही त्रास नेहमीचे आहेत, आणि दोन्ही दम्याचं सोंग हुबेहूब घेतात.

यानंतर काटा आणि पट्टी. चप्पल काढून, अंबाडा सोडून, टाचा भिंतीला टेकवून उंची घ्यायची, कारण पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया उंचीवर आहे. समजा तेरा वर्षांची मुलगी आहे, उंची १५० सेंटिमीटर, वजन ५८ किलो. बॉडी मास इंडेक्स म्हणजे वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १.५ चा वर्ग २.२५, म्हणून इंडेक्स २५.८. मोठ्या माणसांचे २३ (जादा वजन) आणि २५ (लठ्ठपणा) हे आकडे मुलांना सरळ लावायचे नसतात. मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी यानुसार रेषा आखलेले तक्ते आहेत. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते पाच ते अठरा वयासाठी आहेत. मोठेपणी २३ ला जाऊन मिळणारी रेषा जादा वजनाची, २७ ला मिळणारी लठ्ठपणाची. तक्ता हाताशी नसेल तर घरी शिवणाची टेप पुरते. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त नसावी. या मुलीची कंबर ७८ भरली, म्हणजे ०.५२. पोटावर चरबी आहे.

मोजमाप घेताना मान बघतो. मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा असेल तर आई हमखास म्हणते, "घासून घासून दमले, मळ निघत नाही." तो मळ नाहीच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की कातडी तिथे जाड आणि काळी होते. अशा मुलाची साखर तपासायला पाठवतो, आणि मान घासणं बंद करायला सांगतो.

आता या तपासणीतली सगळ्यात महत्त्वाची खूण. जास्त खाण्याने लठ्ठ झालेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. वजन वाढतंय पण दोन वर्षांत उंची हलली नाही, चेहरा गोल गरगरीत, हातपाय त्या मानाने बारीक, पोटावर-मांड्यांवर जांभळे पट्टे, असं दिसलं की आम्ही वजनाचा विषय बाजूला ठेवतो आणि पिशवीतली पुडी उघडतो. दम्यावर महिन्याला एक इंजेक्शन, किंवा नाव-गाव नसलेली पांढरी भुकटी, असे उपाय गावोगाव चालतात. दोन दिवसांत छाती मोकळी होते, भूक राक्षसासारखी लागते, म्हणून घरच्यांना औषध लागू पडल्यासारखं वाटतं. त्यात बहुधा तगडं स्टेरॉइड असतं. इथे एक चूक जिवावर बेतू शकते: हे कळल्या दिवशी पुडी फेकून देणं. महिनोन् महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. अचानक बंद केलं तर उलट्या, रक्तदाब खाली जाणं, बेशुद्धी येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने उतरवावं लागतं.

मृग लागला की नांदेड-लातूरकडून हैदराबादला दम्यावरचं माशाचं औषध घ्यायला जाणारी घरंही बरीच आहेत. त्यांच्याशी वाद घालत नाही. एवढंच सांगतो की जाताना पंप सोबत न्या, आणि तिथून आल्यावर पंप बंद करू नका.

फुंकण्याची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, साधारण सहाव्या वर्षापासून जमते. आदल्या चार-सहा तासांत निळा, म्हणजे तात्पुरत्या आरामाचा पंप घ्यायचा नाही, पोटभर जेवून यायचं नाही, पट्टा किंवा नाडी सैल करायची. पोट आवळलेलं असेल तर आकडा खोटा कमी येतो. ताठ बसून, नाकाला चिमटा लावून, पोटापासून पूर्ण श्वास भरायचा आणि एका दमात सगळा बाहेर फेकायचा, मशीनवरची रेष सपाट होईपर्यंत. निदान तीन फुंका नीट जमल्या पाहिजेत आणि त्यातल्या दोन चांगल्या फुंकांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. मग सालब्युटामॉलचे, म्हणजे निळ्या पंपातल्या औषधाचे, चार पफ (४०० मायक्रोग्रॅम) स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं.

आकडे वाचताना वजन आडवं येतं ते असं. वरच्याच मुलीने एकूण ३ लिटर हवा सोडली आणि त्यातली २.४ लिटर पहिल्या सेकंदात. दोन्ही आकडे तिच्या उंचीला चांगले आहेत, पण गुणोत्तर ०.८० येतं, आणि या वयात ते ०.९० च्या आसपास असायला हवं. वजन जास्त असलेल्या काही मुलांत फुफ्फुसाचा भाता मोठा होतो, पण नळ्या त्या प्रमाणात रुंदावत नाहीत. त्यामुळे दमा नसतानाही गुणोत्तर उतरलेलं दिसतं. म्हणून पफ घेतल्यानंतरचा आकडा निर्णायक. २.४ चे २.४५ झाले तर पंपाची ताकद वाढवून हाती फार काही लागणार नाही. २.७२ झाले, म्हणजे जवळपास १३ टक्के वाढ, तर नळ्या आवळलेल्या होत्या आणि औषधाने सुटल्या. हा दमा. एकदा टेस्ट नॉर्मल आली म्हणून दमा नाही असं मात्र ठरत नाही. शंका उरली तर पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजणारी छोटी नळी, देऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ उभ्याने तीन-तीन फुंका मारायच्या आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. दमा असेल तर सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत चढउतार दिसतो.

घरच्यांना आम्ही वजन आणि दम्याचं नातं फुग्यावर दाखवतो. पोटाची चरबी श्वासाच्या पडद्याला वर ढकलते. त्यामुळे श्वास सोडल्यावर फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी पडते. अर्धवट फुगलेल्या फुग्याचं तोंड जसं मिटलेलं राहतं, तशा बारीक नळ्या अरुंद राहतात, आडवं झाल्यावर आणखी. मग जेवढ्या धुळीने सडपातळ मुलाला दोन शिंका येतात, तेवढ्याने या मुलाची छाती भरते. शिवाय चरबी हा नुसता साठा नाही. तिच्यातून सूज वाढवणारी रसायनं रक्तात जातात, लेप्टिन वाढतं, सूज आवरणारं ॲडिपोनेक्टिन घटतं. ही सूज नेहमीच्या ॲलर्जीच्या सुजेपेक्षा वेगळ्या जातीची असते, आणि स्टेरॉइडच्या पंपाला ती कमी दाद देते. उलट दिशाही आहे. दमा आहे म्हणून मूल मैदानावर जात नाही, दरवेळी अटॅकला स्टेरॉइडच्या गोळ्या होतात, भूक वाढते, वजन वाढतं. मोठ्या माणसांत ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी दमा आटोक्यात यायला मदत होते असं दिसलेलं आहे. वाढत्या वयात तर तेवढं उतरवायचीही गरज बहुधा पडत नाही, ते पुढे येईल.

पंपाबद्दलची भीती सगळीकडे एकच. "पंपानं लेकरू फुगंल का?" याचं उत्तर एककात आहे. पंपाच्या एका दाबात बुडेसोनाइड हे स्टेरॉइड साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम. अटॅकला देतात त्या प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीत ५,००० मायक्रोग्रॅम, आणि अशा अनेक गोळ्या चार-पाच दिवस चालतात. दोन्ही औषधांची जात आणि ताकद वेगळी असल्याने थेट तुलना होत नाही, पण पंपाचं औषध बरंचसं नळ्यांतच काम करतं, गोळी अंगभर फिरते. पंप नीट चालू राहिला की गोळ्यांची वेळ कमी येते. उंचीवर पंपाचा थोडा परिणाम होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत वाढ किंचित मंदावते आणि मोठेपणी फरक साधारण एका सेंटिमीटरचा राहतो. आटोक्यात नसलेला दमाही उंची खातो.

नुसता निळा, तात्पुरत्या आरामाचा पंप वर्षानुवर्षे ओढत राहणं घातक आहे. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी, ज्यांना 'जिना' म्हणतात, २०१९ पासून बारा वर्षांवरच्यांसाठी तो एकट्याने वापरू नये असं सांगितलं आहे. त्याने नळी सुटते, आतली सूज तशीच राहते. बारा वर्षांवरच्या बऱ्याच मुलांना आता बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोजच्यासाठीही आणि त्रास झाल्यावरही देता येतो. खिशात एकच वस्तू राहते, म्हणून हॉस्टेलवरच्या मुलांना तो सोपा जातो.

पंप घेण्याची रीत प्रत्येक भेटीला करून दाखवायला लावतो, तोंडी विचारत नाही. टोपण काढा, हलवा, स्पेसरला जोडा. श्वास पूर्ण सोडा. ओठ घट्ट मिटा. एकच दाब. हळूहळू, चार-पाच सेकंद, खोल आत ओढा. दहापर्यंत मोजून धरा. दुसरा दाब हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा हलवा. शेवटी चूळ भरून थुंका, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो. स्पेसरमध्ये दोन दाब एकदम मारले की थेंब एकमेकांना चिकटून भिंतीवर बसतात. जोराने ओढलं की औषध घशावर आपटतं. स्पेसर आठवड्याला कोमट साबणपाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर वीज साचते आणि पुढचं औषध त्या भिंतीलाच चिकटतं. आयांना वस्तू पुसून कोरडी ठेवायची सवय असते, त्यामुळे ही चूक नीटनेटक्या घरातच जास्त सापडते.

कॅप्सूलच्या भुकटीच्या पंपाची रीत उलटी: जोरात, एका झटक्यात ओढायचं, आणि पंपात कधीच फुंकायचं नाही, ओल जाऊन भुकटीच्या गुठळ्या होतात. ती कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारी मुलं आजही येतात. औषध लिहून देणाऱ्याने दोन मिनिटं खर्च केली असती तर ती चूक झाली नसती. मे महिन्यात पंप दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेमागे ठेवायचा नाही. बाहेर ४२-४३ अंश असताना आत ५० च्या वर जातं, आणि तो दाबाने भरलेला डबा आहे.

आता खाणं. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांना आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं आमच्याकडे मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांचा दिवस ऐकला की वजनाचं कोडं उरत नाही. पहाटे पाचला उठणं, सहापासून क्लास, मग अभ्यासिका, रात्री बारा-एकला झोप. दिवसभरात चालणं खोलीपासून मेसपर्यंत. झोप चार-पाच तास, खरं तर या वयाला आठ ते दहा हवी. झोप तुटली की भूकही भलत्या वेळी लागते. आम्ही तीन दिवसांचं सगळं खाणं-पिणं लिहून आणायला सांगतो, त्यातला एक रविवार. चहा लिहायला सगळे विसरतात. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० उष्मांक, पोटाला आधार काहीच नाही. थंड पेयाच्या ६०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ६० ग्रॅम, म्हणजे बारा चमचे. पहिल्या महिन्यात आम्ही एवढंच बदलतो: थंड पेय बंद, चहा दोन कप, अर्धा चमचा साखर. बाकी ताटाला हात लावत नाही. एकदम सगळं बदललेलं ताट दुसऱ्या आठवड्यात जुन्यावर येतं.

दुसऱ्या महिन्यात ताट. भाकरी बंद करायची नाही. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत दोनशेच्या आसपास उष्मांक असतात आणि ती पोटात टिकते. गोंधळ भाकरीसोबतच्या गोष्टींत असतो. कालवणावरचा तेलाचा तवंग चमच्याने काढून बघा, एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास उष्मांक निघतात. शेंगदाण्याची चटणी उत्तम, पण दोन चमच्यांत शंभर. म्हणून मेसच्या ताटात पहिली वाटी उसळ किंवा घट्ट वरण, मग भाजी, मग भाकरी, आणि तर्री वाढूच द्यायची नाही, असा क्रम सांगतो. घरी असाल तर अंबाडी, चुका, मेथी, शेपू आहे. उन्हाळ्यात पालेभाजी महागली की मोड आलेली मटकी आणि ताक. सकाळी वडापावच्या जागी सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, त्यात मूठभर मोड घालून.

दही, केळी, ताक "थंड" म्हणून दम्याच्या मुलांचं तोडलेलं असतं आणि त्या जागी बिस्किटं, खारी आलेली असते. खाण्यातल्या ॲलर्जीने दमा उसळणारी मुलं फार थोडी. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी, थोड्याच वेळात त्रास होत असेल तरच तो तोडावा. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी, हे मात्र पाळावंच लागतं.

वजन किती उतरवायचं? त्या तेरा वर्षांच्या मुलीचं वजन सहा महिने ५८ वरच थांबलं आणि उंची १५३ झाली, तर इंडेक्स २५.८ वरून २४.८ वर येतो. एक किलोही न घटवता एक अंक खाली. वाढत्या मुलांत हेच उद्दिष्ट ठेवतो: काटा थांबवायचा, उंचीला काम करू द्यायचं. वाढ संपलेल्या सतरा-अठराच्या मुलांना महिन्याला एक-दोन किलो पुरे. उपास, जेवण सोडणं, पावडरी, हे काही नाही. वजन पंधरा दिवसांतून एकदा, बंद खोलीत. काका-मामांच्या देखत मुलाला काट्यावर उभं करू नका, "जाड्या" म्हणू नका. शरमलेलं मूल लपून खातं आणि पंपही लपवतं. जे ताट मुलाचं, तेच सगळ्या घराचं असलं पाहिजे.

पीटीतून सूट मिळावी म्हणून चिठ्ठी मागायला पालक येतात. ती आम्ही देत नाही. उलट चिठ्ठी देतो: मुलाला खेळू द्यावं, पंप त्याच्या खिशात असू द्यावा, कपाटात कुलपात नको. पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं चालणं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वीस-वीस. पाचव्यापासून एक मिनिट भरभर, दोन मिनिटं सावकाश, असे आठ फेरे. तिसऱ्या महिन्याअखेर सायकल, खेळ, घरची कामं धरून दिवसाला साठ मिनिटं. वेग बरोबर आहे का याची खूण: बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. सुरुवातीची दहा मिनिटं अंग तापवण्यात गेली की नळ्या अचानक आवळण्याची शक्यता घटते. पळण्याने ज्यांचा दमा उसळतो त्यांनी दहा-पंधरा मिनिटं आधी, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पंपाचे पफ घ्यायचे. रोजच असं आधी घ्यावं लागत असेल तर रोजचं औषध कमी पडतंय किंवा घेतलंच जात नाही.

वेळही बघावी लागते. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटेची थंडी कडाक्याची असते, शिवाय त्याच वेळी रस्त्याकडेला कचरा आणि टायर पेटलेले असतात. त्या दिवसांत संध्याकाळ बरी, नाकातोंडावर रुमाल. विहिरीवर पोहायला आमची हरकत नाही, दमट हवेमुळे पोहणं दम्याला सोसतं, पण एकट्याने नाही आणि पंप काठावरच्या मोठ्या माणसाकडे.

धूळ टाळायची म्हणजे नेमकं काय, हे शेतकरी घराला महिन्यांच्या हिशेबात सांगावं लागतं. सोयाबीनची मळणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, मळणीयंत्राच्या भुशाच्या बाजूला या मुलाने थांबायचं नाही. मग कापूस, जिनिंगचा परिसर, उसाचं पाचट पेटवणं. मधेच दिवाळीची झाडझूड, ओला रंग, फटाके. पावसाळ्यात फुललेलं गाजर गवत घराभोवती राहू द्यायचं नाही, मात्र उपटायला या मुलाला पाठवायचं नाही. गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात.

अटॅकसाठी भिंतीवर एक कागद. सरळ बसवा, आडवं करू नका. निळा पंप स्पेसरमधून एकेक करून चार ते दहा पफ, गरज पडली तर वीस मिनिटांनी पुन्हा, तासाभरात तीनदा. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर, किंवा ऑक्सिजन ९२ च्या खाली, यातलं एकही दिसलं तर पंप चालू ठेवूनच १०८ ला फोन. जाड मुलात बरगड्यांची ओढ चरबीखाली झाकली जाते, म्हणून मानेच्या खालच्या खळग्याकडे आणि बोलण्याकडे लक्ष ठेवा.

दोन आठवड्यांनी पुन्हा रीत तपासतो. तिसऱ्या महिन्यात पाच प्रश्नांची दमा-नियंत्रण चाचणी, २५ पैकी गुण. १९ किंवा कमी म्हणजे दमा आटोक्यात नाही. वजन जास्त असलेलं मूल नुसत्या धापेमुळेही इथे गुण गमावतं, म्हणून चाचणी आणि फुंकण्याचा आकडा शेजारी ठेवूनच निर्णय घ्यायचा. त्रास कायम असेल तर औषध वाढवण्याआधी क्रमाने बघतो: रीत, दिवसाआड तर घेत नाही ना, चोंदलेलं नाक, घोरणं, पित्त, घरातली चूल आणि डासांची कॉइल. बहुतेक वेळा यातच काहीतरी सापडतं.

सलग तीन महिने दमा शांत राहिला, रात्रीची झोप मोडली नाही, फुंकण्याचे आकडे स्थिर आहेत, तर स्टेरॉइडचा डोस पाव ते निम्मा खाली आणतो, एकदम बंद करत नाही. त्यासाठी महिना निवडावा लागतो. मळणीचा ऑक्टोबर नाही, दिवाळी नाही, परीक्षेच्या तोंडावर नाही. मराठवाड्यात बारावीची परीक्षा आणि प्रवेशपरीक्षा उरकल्यानंतरचा, पावसाच्या आधीचा आठवडा आम्हाला सोयीचा वाटतो. डोस उतरवल्याची तारीख वहीत लिहायची, आणि त्या दिवसापासून चार आठवडे पीक फ्लो पुन्हा सुरू. मुलाचा स्वतःचा सर्वांत चांगला आकडा ३०० असेल तर २४० च्या खाली सलग दोन सकाळी गेलेला आकडा म्हणजे जुना डोस परत सुरू करून आम्हाला फोन करायचा.